दहा लाखावी पावती

“सर, एक विचारू? हसणार नाही ना?”

पूर्वी माझ्याकडे कामाला असलेल्या तहसीनचा फोन आला तेव्हा नवरात्राची सातवी माळ होती. मी एका जिमवाल्याला फोनवर समजावून नुकताच मोकळा झालो होतो, की बाबा रे, तुझं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, तुझ्या कॉम्प्युटरची वायर तुझ्याच ट्रेडमिलखाली अडकली आहे.

“हसत नाही. विचार.”

“परवा खंडेनवमी. आपण दूध संघाचा सर्व्हर त्या दिवशी दुपारी बंद करायचो. पूजा झाली की परत चालू करताना तो अक्षर विचारायचा आणि आपण नवं अक्षर टाकायचो. तुमच्यानंतरही आम्ही दरवर्षी ते पाळलं. त्याला काही कारण होतं का हो?”

“का गं?”

“आता सर्व्हर भाड्याचा आहे, मुंबईला कुठंतरी. तो कधी बंदच होत नाही. अक्षर विचारायला समोर माणूसच नाही, म्हणून आम्ही ‘ठ’ कायमचं टाकून ठेवलंय. पण मला आठवतंय, एका वर्षी चेअरमन आबा म्हणाले होते की यंदा राहू दे पूजा, तर तुम्ही भांडून बंद करायला लावलेला. ते डोक्यात बसलंय माझ्या. काही राहून तर जात नाही ना?”

मी खिडकीतून खाली बघितलं. खतांच्या दुकानापुढे टेम्पो उभा होता, हमाल पोती उतरवत होते.

“कारण कसलं?” मी म्हणालो. “आमच्या बाबांची हौस. दुसरं काही नाही.”

“नक्की ना?”

“अगदी नक्की.”

“सुटले बाई. थँक्यू सर. वहिनींना सांगा, विचारलंय म्हणून.”

फोन ठेवला आणि मला खरोखर भूक लागली. खाली जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

कारण होतं. आणि ते जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

मी भालचंद्र सुतार. सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझी सॉफ्टवेअर कंपनी. कंपनी म्हणायचं आपलं, एकूण माणसं सहा. मी प्रोग्राम लिहायचो आणि भरतेश मगदूम, माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि निम्म्याचा भागीदार, गिऱ्हाईक आणायचा. त्याची जीभ अशी, की दगडालाही वाटावं आपल्याला एक कॉम्प्युटर हवा. त्यानंच दूध संघाचं काम आणलं. चाळीस गावं, प्रत्येक गावात दूध घालायला येणारी माणसं, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला लिटर आणि फॅट छापलेली पावती. दिवसाला सव्वीसशे पावत्या. पावतीवर एक अक्षर आणि पुढं सहा आकडी नंबर.

माझे वडील जन्मभर रंधा मारलेले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. संघाच्या सर्व्हरलाही ते हळदकुंकू लावायला यायचे. दिवसभर बंद ठेवा म्हणायचे. मी म्हटलं, बाबा, संध्याकाळचं दूध यायचंय. ते विचार करून म्हणाले, “बरोबर आहे. म्हशीला खंडेनवमी नसते. दुपारपुरता ठेवा.” मग सर्व्हर चालू करताना नव्या वहीसारखं नवं अक्षर ते सांगायचे आणि नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचा. पहिल्या वर्षी क, दुसऱ्या वर्षी ख.

दुसरं वर्ष अधिक महिन्याचं होतं. अधिक महिना आला की खंडेनवमीपासून खंडेनवमीपर्यंत तीनशे चौऱ्याऐंशी दिवस होतात. त्या दिवशी दुपारी मी नंबर बघितला. नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार. सहा आकड्यांत नऊ लाख नव्याण्णव हजारांच्या पुढं जागाच नसते. आणखी एक दिवस गेला असता तर नंबर फिरून एकवर आला असता आणि जुन्या पावत्या नव्यांच्या आड आल्या असत्या. नेमके त्याच वर्षी जगदाळे आबा, म्हणजे संघाचे चेअरमन, म्हणाले होते की पूजेला वेळ नाही. मी भांडलो ते त्यासाठी.

दुरुस्त करायला हवं होतं. पण त्यासाठी चाळीस गावांतली चाळीस मशीन हातानं बदलावी लागणार होती. पुढच्या वर्षी करू म्हटलं. खंडेनवमी काय, दरवर्षी येतेच. छोट्या कंपनीत असंच चालतं. आज ज्याचं घर जळतंय त्याच्याकडे आधी पळायचं, उद्या जळणाऱ्याला उद्या बघू. झाली होती ती माझी चूक, कुणाला सांगायला लाज वाटली, म्हणून सांगितली नाही. भरतेशलाही नाही.

नंतर सहा महिन्यांनी बाबा गेले. मी तेरा दिवस घरात होतो. तेराव्याला भरतेश आला. तो कांदा-बटाटा खात नाही म्हणून माझ्या बायकोनं त्याच्यासाठी दोडक्याची वेगळी भाजी केली होती. जेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला. “भाल्या, तू काही काळजी करू नकोस, ऑफिस मी बघतोय,” म्हणाला.

बघत होताच. चौदाव्या दिवशी मी ऑफिसात गेलो तेव्हा सहापैकी चार खुर्च्या रिकाम्या होत्या. भरतेशनं विश्रामबागेत नवी कंपनी काढली होती. माणसं नेली, गिऱ्हाईकं नेली आणि माझा प्रोग्रामही नेला, वरचं नाव आणि रंग तेवढा बदलून. संघाला सांगितलं, की सुतारांचं डोकं ठिकाणावर नाही, आम्ही सगळं नव्यानं लिहिलंय. माझ्याजवळ कागदावर पुरावा काही नव्हता. मित्राबरोबर कोण कागद करतं?

गेलेल्यांपैकी फक्त तहसीन मुल्ला भेटायला आली. मिरजेची, कॉलेजातून थेट माझ्याकडे लागलेली. रडत होती. “मगदूमसर म्हणाले तुम्ही कंपनी बंद करताय. नाहीतर मी गेले नसते.” मी म्हटलं, “जा, नीट काम कर.” तिच्यावर माझा राग नव्हता. ती दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा स्वतः येऊन द्यायची.

भरतेशवर मात्र सात वर्षं राग होता, आणि मी तो विझू दिला नाही. सकाळी दाढी करताना आठवण काढायचो. लोक म्हणायचे, सोड आता, झालं गेलं गंगेला मिळालं. माझ्याकडून कधी मिळालं नाही.

तहसीनचा फोन आला त्याच वर्षी, आधी गुढीपाडव्याला, पेपरात त्याचा फोटो आला. आबांच्या शेजारी फेटा बांधून. वीस नवी गावं जोडून संघाची गावं त्या दिवसापासून साठ झाली होती, दिवसाला चार हजार पावत्या, आणि सगळा कारभार भाड्याच्या सर्व्हरवर नेलेला. “आता हा सर्व्हर एक मिनिटही बंद पडणार नाही,” असं भरतेशचं वाक्य ठळक अक्षरात छापलं होतं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. नव्या सर्व्हरवर नंबर त्या दिवशी एकपासून सुरू झालेला असणार. मग कागद घेतला. दहा लाख भागिले चार हजार. अडीचशे दिवस. डिसेंबरचा पहिला आठवडा.

मी काहीही पेरलं नव्हतं, कुणाच्या कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. मला फक्त गप्प बसायचं होतं. चोरानं माल नेला होता तो त्यातल्या भोकासकट.

तहसीनला फोनवर नाही म्हटलं ते या हिशेबात. त्यानंतर उरले दोन महिने. माझी धाकटी बहीण त्या साठ गावांपैकीच एका गावात दिलेली. मी दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागलो. चहा झाला की म्हणायचो, “आजची दुधाची पावती बघू गं.” ती बिचारी खूश. नवऱ्याला सांगायची, दादाला आता बहिणीची माया आली. मी पावतीवरचा नंबर बघायचो. ठ, आठ लाख चाळीस हजार. ठ, आठ लाख शहाण्णव हजार. परत येताना गाडीवर मी चक्क गाणं म्हणायचो.

मधल्या काळात माझं दुकान आपल्या गतीनं रखडत होतं. रोपवाटिकेच्या मालकाला स्क्रीनवर हिरवा रंग आणखी हिरवा हवा होता. कॉलेजच्या फीच्या प्रोग्रामनं एका मुलाला दोनदा बारावीत घातलं. घडवलेला एक चांगला प्रोग्रामर पुण्याला गेला, आमच्याकडचे सगळे हुशार शेवटी त्याच बसमध्ये बसतात. एरवी मी खचलो असतो. त्या वर्षी खचलो नाही. फळ्याच्या कोपऱ्यात मी रोज सकाळी एक आकडा पुसायचो आणि चार हजारांनी कमी करून लिहायचो.

डिसेंबरच्या तीन तारखेला सकाळी सात वाजता बहिणीचा फोन आला.

“दादा, तू पावती बघत असतोस म्हणून तुलाच विचारते. आजच्या पावतीवर पाडव्याची तारीख आलीय. आणि नाव आमचं नाहीच, खालच्या आळीतल्या कोंडिबा तात्यांचं आलंय. ते तर श्रावणात वारले.”

“असं होय?” मी म्हणालो. “सेक्रेटरीला सांग, वहीत हातानं लिहून ठेव म्हणावं, बाकीच्या गावांनाही तसंच कळव म्हणावं. रोजचं रोज.”

तेवढं सांगितलं. तेवढी माणुसकी माझ्यात होती.

त्या दिवशी संघाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कळलं, भरतेशची माणसं सर्व्हर बंद करून चालू करत होती, परत बंद करत होती. अक्षर तेच राहत होतं, नंबरही तिथूनच पुढं. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांचा स्वतःचा फोन आला.

“सुतार, हाईस का गावात?”

“आहे आबा.”

“जरा येतोस का रं संघात? लई घोळ झालाय.”

“अंघोळ करून येतो,” मी म्हणालो. अंघोळ सकाळीच झाली होती. परत केली. इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनं विचारलं, कुणाचं लग्न आहे का. मी म्हटलं, त्याहून चांगलं आहे.

संघाच्या आवारात साठ गावांचे सेक्रेटरी जमले होते, प्रत्येकाच्या हातात पावत्यांचा गठ्ठा. कुणी ओरडत होतं, कुणी मेलेल्या माणसाच्या नावाची पावती शेजाऱ्याला दाखवून हसत होतं. मी त्यांच्यातून वाट काढत हळूहळू जिना चढलो. घाई करावीशी वाटेना.

वर मीटिंगच्या खोलीत आबा होते. भरतेश खिडकीपाशी उभा. पोट सुटलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. कॉम्प्युटरपुढे तहसीन बसली होती. तीन दिवस झोप नसल्यासारखे डोळे. मला बघून तिला एकदम हायसं वाटलं. ते मला नको होतं.

“ये, बस,” आबा म्हणाले. “ह्यांना काय घावंना झालंय.”

भरतेश म्हणाला, “आबा, मी सांगितलं ना, चूक या मुलीची आहे. सर्व्हर हलवायचं काम हिच्याकडे होतं. नीट तपासलं नाही. मी कालच हिला कामावरून कमी केलंय, फक्त दाखवायला म्हणून आज बोलावलंय.”

तहसीन खाली मान घालून बसली होती.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. “पासवर्ड टाक,” म्हटलं. तिनं टाकला. मी मुद्दाम पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं. मग सेटिंग उघडलं, ‘ठ’ पुसला आणि ‘ड’ लिहिला.

“आबा, एका गावाला फोन करून पावती काढायला सांगा.”

फोन झाला. पावती बरोबर आली. ड, एक. आबांनी दुसऱ्या गावाला फोन केला. तिथंही बरोबर. ड, दोन.

“मायला!” आबा म्हणाले. “एका अक्षरापायी तीन दिस?”

“मागचे तीन दिवस वह्यांवरून भरून घ्या. काही बुडालेलं नाही,” मी म्हणालो.

भरतेश माझ्याकडे बघत होता. हुशार माणूस, त्याच्या डोक्यात प्रकाश पडताना मला दिसला. तोंड लाल झालं.

“तुला आधीपासून माहीत होतं,” तो म्हणाला. “भाल्या, तुझ्याच प्रोग्राममधली चूक आहे ही! तूच ठेवून गेलेला आहेस!”

सात वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो आणि ते असं आयतं येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“माझ्या प्रोग्राममधली?” मी म्हणालो. “तुम्ही तर सगळं नव्यानं लिहिलंय ना, मगदूम?”

आबा सावकाश भरतेशकडे वळले.

“काय म्हणाला हा? प्रोग्राम कुणाचा?”

भरतेशनं हो म्हणावं तर चोर, नाही म्हणावं तर चूक त्याची. त्याची ती सोन्यासारखी जीभ टाळूला चिकटली होती. मी डोळे भरून बघितलं. खोटं कशाला सांगू, इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

“म्हणजे गेली सात वर्सं तुम्ही आमाला येड्यात काढलं,” आबा म्हणाले. “तुमच्या माणसांस्नी घेऊन जावा आता. उद्यापासनं येऊ नका.”

“आबा, ऐकून तर घ्या. चूक या पोरीनं—”

“जावा म्हटलं न्हवं?”

तो गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. सात वर्षांनी रिकाम्या खुर्चीकडे बघायची पाळी त्याची होती. त्यानंतर वर्षभरात त्याची कंपनी बुडाली. आता तो जयसिंगपुरात मेहुण्याच्या दुकानात बसतो असं ऐकतो. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. आजही वाटत नाही.

आबा संघाचं काम मला परत द्यायचा करार काढायला सांगायला खाली गेले. मी गाडीवरची माझी बॅग आणायला उतरलो. तहसीन स्कूटीपाशी उभी होती. टेबलावरची तिची पाण्याची बाटली, छत्री, मुलाचा फोटो, असं सगळं एका पिशवीत भरलेलं.

“सर.”

“बोल.”

“मला पहिल्या दिवशी अक्षराचाच संशय आला होता. नंबर एकवर आलेला मी बघितला होता. पण तुम्ही म्हणाला होतात, की त्याचं काही नाही. म्हणून मी तिकडं परत बघितलंच नाही. तीन दिवस बाकी सगळं उसवून बघितलं.” तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मी फोन केला होता, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललोच होतो.

“होतं.”

तिनं मान हलवली. रागावेल असं मला वाटलं होतं. मी त्याला तयार होतो, उत्तरही तयार होतं. तेरावा, दोडक्याची भाजी, रिकाम्या खुर्च्या.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. रात्री नवरा म्हणाला, तुला जमत नसेल तर सोडून दे हे काम.”

“तहसीन, तू माझ्याकडे ये. उद्यापासून. संघाचं काम परत आपल्याकडेच आहे. तूच बघ.”

तिनं पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली.

“नको सर. मगदूमसरांनी मला काढलं, ते निदान तोंडावर सांगून काढलं.”

स्कूटी चालू झाली. ती सेक्रेटऱ्यांच्या गर्दीतून हॉर्न वाजवत फाटकाबाहेर गेली. माझे कान गरम झाले होते. म्हणजे त्या माणसानं मला लुटून उघड्यावर टाकलं, आणि शेवटी तो माझ्यापेक्षा बरा? हिनं कोणत्या तोंडानं म्हणावं? तेराव्यापासून कालपर्यंत हीसुद्धा त्याच्याच टेबलावर बसत होती. असं मनात घोकत मी जिना चढलो.

आबांनी करार टेबलावर पसरून ठेवला होता. चष्मा पुसत होते.

“सुतार, ती पोरगी मला बरी वाटली बघ. एवढं बोलणं खाल्लं, उलटून एक सबुद काढला न्हाई. संघातच कॉम्प्युटर खात्यात घ्यावी म्हणतो, कायमची. तुझ्या हाताखाली शिकल्याली हाय न्हवं?”

“हो.”

“फकस्त एक सांग. तू जाणकार हाईस म्हणून विचारतो. ही चूक खरंच तिची हुती का?”

त्यांच्या चष्म्याच्या काचा स्वच्छ झाल्या होत्या. ते थेट माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग कुणाची?

“होय आबा,” मी म्हणालो. “तिचीच.” आणि सही कुठं करायची ते विचारलं.